हरकत

पहाटे साडेचारले मी वॉलची चावी घेऊन निंघतो.
लोखंडाची हाये, कमरेइतकी उंच, डोक्यावर आडवा दांडा.
अठरा वर्स झाले.
नळात पयले हवा येते, फुस्स करते,
मंग पानी.
त्या फुस्सवर बाया उठतात.

जुन्या गावाले पस्तीस मिनिटं, लेआउटले चाळीस,
काऊन का तिकडं चढ हाये
अन् तिकडं मास्तर रायतात.

आता लेआउटच्या मागं, धुर्व्याच्या वावरात, बोर्ड लागला.
चार बिल्डिंगा, सात माळे, एकशे बारा फ्लॅट.
बोर्डावर एक गोरी बाई फुगे घेऊन पयते.
तिच्या मागं जे झाड हाये
ते आपल्या अख्ख्या तालुक्यात कुठंच नाई.

हरकतीले पंधरा दिवसाची मुदत.
पंचायतीत टेबल मांडला, फॉर्म मीच वाटले.
कोहळे मास्तरनं लिवलं पार्किंग, सांडपानी, शांतता,
कलम अमुक, पोटकलम तमुक, खाली लांबलचक सही.
भुयार सिस्टरनं लिवलं, गच्चीवर सरगुंडे वायत घालतो,
दुपारी दोननंतर सावली येईन, त्याचं काय?
एसटीतल्या ढोकनं फक्त लिवलं: नको.

सुभद्राबाईले लिवता येत नाई.
थे मले म्हने, तूच लिव,
माही न्हानी बिनछताची हाये.
आजपावतर वरून फक्त देवानं पायलं
अन् थो कोनाजवळ बोलला नाई.

मी लिवलं, जसंच्या तसं.
तालुक्याच्या साहेबानं वाचलं. हासला नाई.
त्यानं त्याच्यावर शिक्का मारला:
'विषयाशी संबंधित नाही.'

संध्याकायी मास्तर माह्या घरी आले. पयल्यांदाच.
ओट्यावर टेकले, च्या घेतला, कागद पुढं केला.
"सुदाम, पान्याचं तुह्यापेक्षा जास्त कोनाले कळते?
तुही सही पायजे."
खरं हाये. टाकी पन्नास हजार लिटरची.
मे महिन्यात तिच्यात उभं रायलं
तर पोटऱ्यासुद्धा नीट भिजत नाईत.

कागदावर सत्तावीस सह्या. सगळ्या लेआउटच्या.
मले बोरी आठवल्या.
जिथं मास्तरचं गेट हाये थिथं बोरीचं बन होतं,
आमच्या बकऱ्या, आमचे पोट्टे, तळपायातले काटे.
तवाबी एक कागद फिरला होता. आमचा.
चौऱ्याहत्तर अंगठे होते त्याच्यावर,
माह्या बापाचा धरून.
अन् मास्तर, प्लॉटवर नारळ फोडता फोडता, म्हनले होते,
"विकासाले आडवं येऊ नये, बाप्पा."

हे मी त्याईले काई बोललो नाई.
साहेबाचा शिक्का मले पाठ झाला होता.

आतून पोट्टा आयकत होता.
बिल्डरनं त्याले वॉचमनचं बोलून ठेवलं हाये,
बारा हजार, ड्रेस, रातपाळी.
बिल्डिंगचा अजून पाया नाई,
यानं बाजारातून शिट्टी आनून ठेवली.
रोज खिशात हात घालून पायते, हाये का म्हून.

मी मास्तरले म्हनलं, शाई असन तर द्या.
"शाई कायले? पेन हाये नं हा."
मी बायकोची कुंकवाची डबी मागितली,
तेलाचं बोट बुडवलं
अन् अठ्ठाविसाव्या जागेवर अंगठा लावला.
मास्तर कागदाकडं पायत रायले.
"तुले तं सही येते, सुदाम."
येते म्हनलं.

आतमंधी पोट्ट्यानं कूस बदलल्याचा आवाज आला.

सकायी साडेचारले चावी घेतली.
अंगठ्याच्या नखात लाल तसंच होतं.
लेआउटले त्या दिवशी पस्तीसच मिनिटं सोडलं.
उरलेले पाच सुभद्राबाईच्या बोळीले.
मास्तरनं घड्याळ पायलं असन,
थे पायतातच.
फोन काई आला नाई.